पटकथेला अंगठा नको, सीन नंबर हवा

महोदय,

पटकथालेखनाची कार्यशाळा म्हटली की ती बहुधा एका दिवसाची. सकाळी तीन अंकांची रचना, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. पटकथा मात्र तिसऱ्या-चौथ्या ड्राफ्टला कुठे उभी राहू लागते, आणि तोवर शिकवणारे पुण्या-मुंबईला परतलेले असतात. नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे, तेव्हा गोष्टींचा इथे तोटा नाही. तोटा आहे तो ड्राफ्ट वाचून खरं बोलणाऱ्यांचा. ‘वंदे भारत’नेही मुंबई साडेसहा तासांवर, म्हणजे हे काम फोन आणि लॅपटॉपवरूनच व्हायचं. ते नीट व्हावं म्हणून हे पत्र.

एकमेकांचे ड्राफ्ट वाचणारा गट पाच-सहा जणांचाच असावा. व्हॉट्सअॅपवर दोनशे लेखक जमवले की ‘मस्त झालंय भावा’ येतं, अंगठा येतो आणि तिसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होतं. पाच जणांत कोणी न वाचता आला तर लगेच उघडा पडतो. दर पंधरवड्याला एकाची पाळी, वाचायला सात दिवस, लेखी टिपण बैठकीच्या आदल्या रात्रीपर्यंत. ज्याने मागच्या वेळी टिपण दिलं नाही त्याची पाळी शेवटी ढकलायची. एवढा एक नियम कडक पाळला तरी गट टिकतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती काय वाचायला द्यायचं यात. आधी लॉगलाइन, म्हणजे दोन ओळींत गोष्टीचं सार, मग एकपानी कथानक, मग वनलाइन, म्हणजे प्रत्येक सीन दोन-तीन ओळींत, आणि त्यानंतरच संवाद. बरेच जण थेट 120 पानांची पीडीएफ टाकून मोकळे होतात. मध्यंतरानंतर गोष्ट ढिली पडली असेल तर संवाद घासूनपुसून काही हाती लागत नाही. शिवाय लिहिलेल्या संवादावर जीव जडलेला असतो, तो सीन काढा म्हटलं की भांडण. तोच सीन वनलाइनमध्ये दोन ओळींचा असतो तेव्हा खोडताना हात थरथरत नाही.

फाइल युनिकोडमध्येच हवी. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पटकथा दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. गूगल डॉक्समध्ये ‘सुचवा’ पद्धतीने शेरे लिहावेत, म्हणजे मूळ मजकूर शाबूत राहतो. पण शेरा द्यायचा तो सीन नंबरवर, पान नंबरवर नाही. लॅपटॉपवरचं पान 34 फोनवर तिथेच असेल याची खात्री नसते. ‘एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट’ हा हिशेबही इंग्रजीतल्या कुरिअर फॉन्टच्या 12 आकाराच्या टाइपचा आहे. देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते, पानावर ओळी कमी बसतात, आणि 130 पानांची पटकथा प्रत्यक्षात दोन तासांत संपू शकते. खरी लांबी मोजायची तर व्हिडिओ कॉलवर वाचन करा: एकाने सीनवर्णन वाचायचं, बाकीच्यांनी पात्रं वाटून घ्यायची, घड्याळ लावायचं. लेखकाने स्वतः एकही ओळ वाचू नये. तो जागा भरून काढतो, आवाजाने सांभाळून घेतो, आणि दोष झाकला जातो.

वाचनानंतर पहिली वीस मिनिटं लेखक गप्प. त्याला जे समजावून सांगावंसं वाटतं, ते नेमकं कागदावर नसतं. वाचणाऱ्याने तीनच गोष्टी सांगाव्यात: कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही, कुठे पुढचं पान उलटावंसं वाटलं. ‘हिरो पोलीस कर ना’ हे मत नव्हे, ती दुसरीच पटकथा झाली. मात्र तिघांनी वेगवेगळे उपाय सुचवले आणि तिघांचं बोट सीन 41 वर असेल, तर दुखणं खरं आहे. तेही बऱ्याचदा 41 मध्ये नसून 12 मध्ये असतं: तिथे पात्राला काय हवंय ते नीट मांडलेलं नसतं, म्हणून पुढचा निर्णय पोकळ वाटतो.

आता भाषेबद्दल, कारण सोलापूरच्या लेखकाचं सर्वाधिक नुकसान इथे होतं. बाहेरचा मार्गदर्शक ‘काय करलालास बे?’ खोडून ‘काय करतोयस?’ करतो आणि पात्र सोलापूर सोडून जातं. शहराच्या पूर्व भागातल्या घरात आई तेलुगूत रागावते, मुलगा मराठीत उत्तर देतो. अशा जागी मूळ वाक्य देवनागरीत लिहावं, खालच्या ओळीत तिरप्या अक्षरांत मराठी अर्थ द्यावा. पुढे सबटायटल करणाऱ्याचंही काम हलकं होतं. गटात एक वाचणारा इथल्या बोलीचा हवा आणि एक कोकणातला किंवा विदर्भातला. दुसऱ्याने ‘इथे अडलो’ एवढंच सांगावं, दुरुस्ती करू नये.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात ते सांगितलं आहे. म्हणून लॉगलाइन छातीशी धरून बसण्यात अर्थ नाही. ड्राफ्ट मात्र वाटण्यापूर्वी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवावा. सभासद घरबसल्या नोंदणी करू शकतात, आणि तारखेचा पुरावा हाती राहतो.

अनुभवी मार्गदर्शक दुसऱ्या ड्राफ्टनंतर शोधावा, आधी नाही. गटात पकडता आल्या असत्या अशा चुकांसाठी त्याला पैसे का मोजायचे? ठरवण्यापूर्वी त्याच्या लेखी टिपणाचा नमुना मागावा, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव कोणत्या पदाने येणार ते ईमेलवर पक्कं करावं. पैसे घेऊन ‘निर्माता मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) स्क्रीनरायटर्स लॅबसारख्या ठिकाणी मोजक्याच पटकथा घेतल्या जातात. तिथे पाठवायचा मजकूरही गटाच्या चाळणीतून गेलेला असला तर बरं.

विद्यापीठाने किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थेने महिन्यातून एका शनिवारी, दोन तासांसाठी, चांगलं इंटरनेट असलेली खोली द्यावी, एवढीच विनंती. अक्कलकोट, करमाळ्याच्या लेखकांना स्क्रीनवरून जोडून घेता येईल. पहिल्या बैठकीला सहा जणांची सहा एकपानी कथानकं पुरतील.

— पटकथा वाचणारे काही वाचक, सोलापूर