पुंगळी वेगळी, निगा वेगळी

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पुंगळी (सायलेन्सरमधील आवाज दाबणारी नळी) काढलेल्या बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवल्याची छायाचित्रे गेली काही वर्षे राज्यातील अनेक शहरांतून छापून येत आहेत. या कारवाईला माझा मनापासून पाठिंबा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमात ध्वनी आणि धुराच्या मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि शिवाय तीन महिने वाहन परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यांसमोरून फटाके फोडत जाणाऱ्यांच्या बाबतीत ती जराही कठोर नाही. परंतु या मोहिमांच्या धामधुमीत, लांबच्या प्रवासासाठी आपली मोटारसायकल घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने नीट ठेवणारा आणि तिच्यात विचारपूर्वक काही भर घालणारा दुचाकीस्वारही त्याच तागडीत तोलला जातो. या दोघांत फरक करण्याची सोय आज ना कायद्याच्या सोप्या मराठी माहितीत आहे, ना कंपन्यांच्या धोरणात. त्याविषयी सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र.

आधी निगेचे पाहू. कोल्हापुरातून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरणारा किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी गाठणारा माणूस ज्या ब्रेकच्या भरवशावर उतरत असतो, त्या ब्रेकमधील द्रव किती जुना आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसते. डॉट ४ प्रतीचा ताजा ब्रेकद्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, असे त्याचे प्रमाण आहे. हा द्रव मात्र हवेतील ओलावा सतत शोषून घेतो आणि पुरेसे पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्याने उष्णता वाढते, द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि मग लिव्हर मुठीला टेकली तरी गाडी थांबत नाही. दोन वर्षांनी हा द्रव बदलणे हे काम एक पाना, एक पारदर्शक नळी, एक बाटली आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर होते. अट एकच, की करणाऱ्याला त्याचा क्रम माहीत हवा: ब्रेकद्रवाच्या टाकीतील पातळी खाली जाऊ द्यायची नाही, जुना द्रव बाहेर सोडणारा निपल सैल असताना लिव्हर सोडायची नाही, रंगावर थेंब पडला तर तत्काळ पाण्याने धुवायचा आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिच्या पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीबाहेर जायचे नाही.

चेनचेही तसेच. कोकणातील जांभ्याची लाल माती पावसात चेनवर बसली की ती आतील वंगणाशी मिसळून कानशीसारखी घासत राहते आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, दात वेळेआधीच टोकदार होतात. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नये, कारण रबराच्या त्या बारीक कड्या खराब झाल्या की कारखान्यात भरलेले आतील ग्रीस बाहेर पडते आणि ते पुन्हा भरता येत नाही. चेन साफ करताना इंजिन बंदच असले पाहिजे. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन पहिल्या गिअरमध्ये चाक फिरते ठेवून फडके धरण्याची जी सर्रास पद्धत दिसते, तिने बोटे जातात, आणि हे प्रत्येक नव्या चालकाला पहिल्या दिवशी सांगायला हवे. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून तिचा ढिलेपणा चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावा आणि जिथे ती सर्वांत ताठ आहे तिथले माप धरावे. सामान आणि मागचा सहप्रवासी बसल्यावर चेन आणखी ताणली जाते, म्हणून घरात उभ्या असलेल्या गाडीची चेन तंग दिसणे हे चांगले लक्षण नाही.

इंजिन ऑइलबाबत एक गैरसमज फार पसरला आहे, तो असा की मोटारीचे महागडे ऑइल दुचाकीला अधिक चांगले. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांमुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात आणि भरल्या गाडीने घाट चढताना इंजिन नुसतेच ओरडते. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालत असल्याची, खूण आहे की नाही एवढे पाहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. ऑइल सोडण्याच्या ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा आणि तो बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, सांगितलेल्या मापानेच आवळावा. अॅल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे एकदा गेले की वीस रुपयांच्या वॉशरचे काम लेथवर जाते. आमच्या शिवाजी उद्यमनगरातील कारागीर ते आटे पुन्हा उत्तम पाडून देतात हे खरे, पण तसे करण्याची वेळ का यावी?

ही सगळी कामे घरी करणारा माणूस सर्व्हिस सेंटरचा शत्रू नाही. त्याने व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, फोर्कचे सील किंवा इंजिनाचे पोट उघडण्याची कामे जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावीत, आणि बहुतेकजण सोपवतातही. पण आठवडाभराच्या प्रवासाआधी स्वतः चाके, ब्रेक पॅड, केबल, बेअरिंग आणि प्रत्येक नट-बोल्ट हाताखालून घातलेला माणूस वाटेत गाडीचा वेगळा आवाज लगेच ओळखतो. जुन्या क्लच केबलला लागूनच नवी केबल टाकून ठेवण्याची जी रीत लडाख-स्पितीला जाणाऱ्यांत रुळली आहे, ती अशाच अंगणातल्या कामातून आली असावी. केबल तुटली तर फक्त दोन टोके बदलायची, टाकी उतरवण्याची गरज नाही.

टायरच्या खाचांची किमान खोली दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर असावी असे केंद्रीय नियम सांगतो. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्याने त्या आकड्याची वाट पाहू नये, एवढेच मी म्हणेन.

आता बदलांकडे येतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते, की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ(४) कलमानुसार परवानगीबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते आणि बाहेरून आणून बसवलेले सुटे भागही त्यात येतात. इंजिन बदलणे, चासी कापणे, सायलेन्सर काढणे यांबाबत संदिग्धता काहीच नाही. पण सामानाच्या पेट्यांसाठी मागे लावलेली लोखंडी चौकट, हाताला वारा लागू नये म्हणून लावलेले गार्ड, उंच विंडशील्ड, मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट, धुक्यासाठी लावलेले पिवळे दिवे यांतले काय चालते, कोणत्या मर्यादेत चालते आणि कशासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते, हे सामान्य माणसाला एका पानावर, मराठीत, वाचायला मिळत नाही. त्यामुळे एका नाक्यावर जे चालते ते पुढच्या नाक्यावर गुन्हा ठरते, आणि दंडाची रक्कम ऐकून प्रामाणिक माणूस घाबरतो, तर पुंगळीवाला मात्र चौक टाळून गल्लीतून निघून जातो.

कायद्याने या भरींकडे सुरक्षिततेच्या कसोटीवर बारकाईने पाहावे, असे माझे म्हणणे आहे, आणि ती कसोटी दोन्ही बाजूंनी कठोर असावी. उदाहरण दिव्यांचे घ्या. ६०/५५ वॅटच्या हेडलाइटच्या जागी बाजारात सहज मिळणारा १००/९० वॅटचा बल्ब घातला, की सुमारे ५ अँपिअरसाठी असलेल्या तारेतून ८ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो, होल्डर वितळतो आणि रात्री भर रस्त्यात गाडी आंधळी होते. साध्या बल्बसाठी बनवलेल्या आरशाच्या हेडलाइटमध्ये घातलेला स्वस्त एलईडी बल्ब समोरच्याचे डोळे दिपवतो आणि आपल्यालाही नीट रस्ता दाखवत नाही. हे दोन्ही बदल बंद झालेच पाहिजेत. याउलट खाली वळवून, बॅटरीपासून स्वतंत्र तार, योग्य फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालून बसवलेले छोटे पिवळे दिवे दाट धुक्यात जीव वाचवू शकतात. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर सात अँपिअरच्या आत प्रवाह. त्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज आणि पुरेशा जाडीची तार लागते आणि गाडीच्या जनित्राला तेवढी शक्ती शिल्लक आहे का हे आधी पाहावे लागते. हॉर्नच्या तारेला पिळ देऊन दिवे जोडणारा आणि हा हिशेब करून जोडणारा या दोघांची पावती सारखीच फाटणे मला अन्यायाचे वाटते.

सामानाच्या चौकटीचीही हीच गोष्ट. वजन मागच्या चाकाच्या आसाच्या जितके मागे आणि जितके उंच जाईल, तितके पुढचे चाक हलके होते आणि वेगात गाडी डुलू लागते. जड सामान खाली, आसाच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखे हवे. चौकट बनवताना वेल्डिंग गाडीवर करू नये, भाग उतरवून करावे. आजच्या गाड्यांत ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक) आहे, आणि १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाल्याने त्याचीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. वेल्डिंगचा प्रवाह चुकीच्या वाटेने गेला तर ती निकामी होऊ शकते. हँडल उंच केले तर दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेकची नळी आणि केबल ताणल्या जात नाहीत ना हे पाहावेच लागते. नुसत्या देखणेपणासाठी मूळ रिमवर रुंद टायर चढवू नये. त्याने टायरचा आकार बिघडतो, वळणावरचा तोल बदलतो आणि घेर वेगळा असेल तर वेगमापकही चुकीचा आकडा दाखवतो.

हे ज्ञान मिळवायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. गाडीबरोबर येणाऱ्या मालकाच्या पुस्तकात टायरमधील हवा आणि चेनचा ढिलेपणा असतो, पण बोल्टनिहाय टॉर्कची मापे, वायरिंगचा नकाशा आणि उघडण्याचा क्रम ज्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, ते सामान्य ग्राहकाच्या हाती सहसा येत नाही. मी एका शोरूममध्ये ते विकत मागितले असता ‘ग्राहकांना देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकांना खुली करावी, तसेच बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे बजावले होते. त्या आदेशावर पुढे अपिले झाली आणि तो चारचाकींपुरता होता. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, एक पोर्टलही सुरू केले, ज्यात वाहने हे एक क्षेत्र आहे. संपर्क क्रमांक आणि वॉरंटीच्या अटी पोर्टलवर टाकून हा हक्क पूर्ण होत नाही. दुचाकी कंपन्यांनी निदान नेहमीच्या निगेची प्रकरणे, टॉर्कच्या मापांसह आणि मराठीतून, खुली केली पाहिजेत. पुस्तक मिळाले नाही म्हणून काम थांबत नाही. ते अंदाजाने होते, आणि अंदाजाने आवळलेल्या पुढच्या चाकाच्या आसाची जोखीम रस्त्यावरच्या इतरांनाही असते.

परिवहन विभागाने घरगुती निगा आणि सामानविषयक भरींची एक स्पष्ट मराठी पत्रिका काढावी, ती प्रत्येक नाक्यावरच्या कर्मचाऱ्याकडेही असावी, आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुट्टीच्या दिवशी मालकांसाठी अल्प शुल्कात ब्रेक, चेन आणि वायरिंगचे वर्ग घ्यावेत. यंत्रे आणि शिक्षक तिथे आहेतच.

एक गोष्ट महापालिकांसाठी. घरी ऑइल बदलणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दीड-दोन लिटर काळे ऑइल उरते. कायद्याने हे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, आणि एप्रिल २०२४ पासून त्याच्या संकलनाची व पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर आली आहे. पण माझ्यासारख्या माणसाने बाटलीत भरलेले ते ऑइल नेमके कुठे नेऊन द्यावे, हे आमच्या शहरात कोणत्याच फलकावर लिहिलेले नाही. मोठे गॅरेज घेते तर घेते, नाही तर ते गटारात जाते, गटारातून जयंती नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत. प्रभागाच्या कचरा संकलन केंद्रावर एक झाकणाचे पिंप ठेवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे नियमित पाठवण्याची व्यवस्था कोल्हापूर महापालिकेने यंदाच्या दिवाळीआधी करावी, अशी माझी मागणी आहे. पावसाळा संपताच चिखलाने माखलेल्या गाड्या अंगणाअंगणांतून उघडल्या जातात आणि सर्वाधिक ऑइल त्याच दिवसांत बदलले जाते.

आपला नम्र,
एक दुचाकी प्रवासी वाचक, कोल्हापूर