बाबांची पावसाची वही आणि ताई, तुमचे आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर बाबांनी बसवलेला पर्जन्यमापक आणि त्यांची वही तुम्ही पाहिली आहेच. ते गेल्यावर मी ती वही संगणकात उतरवली. जोडीला वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आजवा सरोवराची आणि काळाघोडा पुलापाशी मोजलेली विश्वामित्री नदीची पातळी घेतली. तिन्ही एकत्र पाहायची फार इच्छा होती, आणि तिथेच महिनाभर अडकले.

'आर' या आकडेमोडीच्या संगणकभाषेत तिन्ही रेषा एकाच अक्षावर काढल्या की आजवा २११ फुटांच्या आसपास आडवा पडून, नदी तळाशी चिकटलेली आणि मिलिमीटरमधला पाऊस मधूनच उसळणारा. उजवीकडे दुसरा अक्ष लावायला निघाले, तेव्हा तुम्ही थांबवलंत. दोन्ही अक्षांचं माप आपणच ठरवतो, त्यामुळे कुठल्याही दोन रेषा हव्या तशा जुळवता येतात, हे तिथल्या तिथे करून दाखवलंत. मग एकाखाली एक तीन चौकटी केल्या. उभं माप ज्याचं त्याचं, तारखांचा अक्ष एकच. पावसाला रेषेऐवजी उभे दांडे, कारण पाऊस ही दिवसाची बेरीज आणि पातळी ही त्या घडीची नोंद. हे मला सुचलंच नसतं.

पण खरे आभार पुढच्यासाठी. कात्रणं रोजची नव्हती. मी तीन रकाने नुसते शेजारी शेजारी मांडले होते, म्हणून एक दिवस गळला की खालचं सगळं एकेक दिवस वर सरकत होतं. तुम्ही 'आर'मधलं तारीखवार नोंदींसाठीचं 'झू' पॅकेज वापरून प्रत्येक आकड्याला त्याची तारीख बांधलीत आणि मग 'मर्ज' केलंत, म्हणजे तिन्ही नोंदी तारखेनुसार जोडल्यात. कात्रण नव्हतं तिथे जागा रिकामी राहिली, रेषा तुटली. मी ती सांधायला गेले, तर म्हणालात, "नोंद नाही, ते दिसू दे."

तरीही ३१ जुलै २०१९ चा पूर उलटाच दिसत होता. नदी ३१ च्या रात्रीच चढलेली, पाऊस मात्र १ ऑगस्टला. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसले. तुम्ही एवढंच विचारलंत, "बाबा पाऊस किती वाजता मोजायचे?"

सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे. म्हणजे ३१ ला दिवसभर कोसळलेला पाऊस वहीत १ ऑगस्टच्या पानावर! बाबांची नोंद अचूक होती, ती वाचायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं, आणि तुम्ही काही न बोलता वहीची दुमडलेली पानं सरळ करत बसलात. ताई, ते मी विसरणार नाही.

आलेख आईने देवघराशेजारच्या भिंतीवर लावला आहे. तळाशी तुम्ही सांगितलेली ओळ आहे: पाऊस, सकाळी साडेआठपर्यंतचे २४ तास. यंदा जूनपासून मोजणी मी करते आहे.

तुमची,
वहीवाल्या बाबांची लेक