गुजो-हाचिमानच्या रिंगणातून

नागोया,
२५ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुटीच्या आदल्या दिवशी मिळाले. घरची खुशाली कळून बरे वाटले. परंतु वाडीतली माणसे मुंबईला कायमची स्थिरावल्यामुळे यंदा गणपतीत जाखडी, आपला रिंगणातला नाच, उभी राहील की नाही याचीच शंका आहे, हे तू लिहिलेस आणि ते माझ्या मनातून जाईना. “नाचायला गडी नाहीत आणि मोबाईल धरून बघायला मात्र सगळे हजर असतात,” हे तुझे शब्द डोक्यात घेऊनच मी १३ ऑगस्टला गुजो-हाचिमानला गेलो. तिथे मी रात्रभर नाचलो. त्या रात्रीचा वृत्तान्त तुला सविस्तर कळवल्यावाचून मला राहवणार नाही.

गुजो हे गिफु प्रांतातले डोंगरांनी वेढलेले शहर आहे. शहर म्हणायचे ते कागदोपत्री, कारण २००४ साली सात गावे एकत्र करून ते तयार झाले आणि त्या सगळ्यांची मिळून वस्ती आज चाळीस हजारांच्या आसपास आहे. मिनो-ओता स्थानकावरून एका डब्याची डिझेल गाडी नागारा नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते, आणि हाचिमानला, म्हणजे गुजोतल्या ज्या गावी हा नाच होतो तिथे, उतरल्यावर पहिल्यांदा कानावर पडते ते पाण्याचे खळाळणे. घरांच्या उंबऱ्याशी आपल्याकडच्यासारखे पाट वाहतात. झऱ्याचे पाणी ओळीने बांधलेल्या कुंडांत सोडलेले असते. वरच्या कुंडातले पिण्यासाठी, त्याखालच्यातले भाजी-फळे धुण्यासाठी, त्याच्याही खालच्यातले भांडी विसळण्यासाठी, आणि उरलेली शिते पुढच्या तळ्यातले मासे खातात. १९१९ मध्ये उत्तरेकडचा भाग आगीत भस्मसात झाला होता, म्हणून जुन्या गल्ल्यांत घरांच्या वळचणीला अजून पाण्याच्या बादल्या टांगलेल्या दिसतात. जी माणसे शंभर वर्षांपूर्वीची आग विसरत नाहीत, ती नाच तरी कशी विसरतील, असे मला त्या बादल्या पाहून वाटले.

इथला नाच जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत तीसहून अधिक रात्री चालतो. बहुतेक रात्री जागा बदलते: आज या देवळासमोर, उद्या त्या गल्लीतल्या जिझो या बौद्ध देवतेच्या मूर्तीपाशी. ज्या देवाची किंवा ज्या स्मरणाची ती रात्र, त्याच्या नावाने नाच. यांतल्या १३ ते १६ ऑगस्ट या चार रात्री ओबोनच्या, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांच्या, आणि त्या रात्री नाच पहाटेपर्यंत थांबत नाही. आपण पितृपक्षात ढोलकीला हात लावत नाही. इथे पितरांसाठीच ढोल वाजतो. माझ्यापुढे नाचणाऱ्या एका आजींनी मध्येच पाणी पिताना सांगितले की त्यांचे यजमान गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन आहे, आणि पदराने तोंड पुसावे तसे किमोनोच्या बाहीने तोंड पुसून त्या पुन्हा रिंगणात शिरल्या. मी काय बोलणार? मीही त्यांच्या मागोमाग गेलो.

रस्त्याच्या मधोमध याकाता नावाचा लाकडी मंडप उभा असतो. त्याला चाके असतात. त्यात गायक आणि शामिसेन (तीन तारांचे वाद्य), बासरी, ढोल वाजवणारे बसतात, अगदी आपल्या जाखडीत शाहीर आणि मृदंगवाला मधोमध बसतात तसे. त्याभोवती रिंगण धरले जाते, आणि माणसे वाढली की रिंगण लांबत लांबत चौकातून गल्लीत वळते. नाच एकूण दहा. ‘हारुकोमा’त दोन्ही हातांनी घोड्याचा लगाम खेचल्यासारखे करायचे, कारण हा मुलूख एके काळी घोड्यांसाठी प्रसिद्ध होता, ‘नेको नो को’ म्हणजे मांजरीचे पिल्लू, त्यात हातांचे पंजे होतात. ‘कावासाकी’ संथ आणि मला सर्वांत आवडलेला. गुजो सोडून निघताना पाऊस नसतानाही बाह्या पिळाव्या लागतात, अशा अर्थाची एक ओळ त्यात आहे. बाह्या भिजतात त्या डोळे पुसून पुसून, हे कुणी समजावून द्यावे लागत नाही.

पण या सगळ्यांहून वेगळा आवाज लक्षात राहतो तो पायांचा. सगळे गेता, म्हणजे लाकडी खडावा, घालून नाचतात, आणि हजार माणसांनी एकाच ठोक्याला रस्त्यावर गेता आपटला की तो आवाज दोन्ही बाजूंच्या घरांवर आदळून परत येतो. तुझ्या डाव्या पायातला चाळ आणि माझ्या उजव्या पायातला चाळ एका वेळी वाजला नाही म्हणून मास्तर आपल्याला तालमीत थांबवून ठेवत असत, त्याची आठवण झाली. मी सुरुवातीला सतत चुकत होतो. हात वर न्यायच्या वेळी पाय मागे जाई. त्याच आजींनी एकही शब्द न बोलता आपल्या हातांची गती थोडी मोठी आणि ठसठशीत केली, म्हणजे मागून मला ती स्पष्ट दिसावी. मला शिकवले जात आहे हे मला दोन फेऱ्यांनंतर कळले. हा नाच बघायचा नसून नाचायचा आहे, असे गुजोचे लोक अभिमानाने सांगतात, आणि तिथे ते घोषवाक्य राहत नाही: कडेला उभे राहणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते.

आता ‘याच्चिकु’विषयी लिहितो, कारण त्या नाचाने मला सर्वांत जास्त हलवले. १७५४ साली गुजोवर राज्य करणाऱ्या कानामोरी घराण्याने सारा ठरवण्याची पद्धत बदलली. आधी ठरलेला सारा असे, तो बंद करून दरवर्षी उभ्या पिकाची पाहणी करून आकारणी करायचे ठरले, आणि शेतकऱ्यांचा बोजा वाढला. शेतकरी उठले. त्यांनी एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाऊन एका मोठ्या कारभाऱ्याच्या पालखीपुढे अर्ज धरला, जे करणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. हा लढा चार-पाच वर्षे चालला. १७५८ मध्ये निकाल लागला तेव्हा कानामोरींचे संस्थान खालसा झाले. पण शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनाही देहदंड झाला. त्या उठावाची कथा ‘याच्चिकु’त गायली जाते. याच शेतकऱ्यांनी आपल्या करारावर सह्या एकाखाली एक न करता वर्तुळात केल्या होत्या, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे सरकारला कळू नये. रिंगणात नाचताना मला तो कागद सारखा डोळ्यांपुढे दिसत होता. पुढे कोण आणि मागे कोण हे इथेही सांगता येत नव्हते. त्या हुतात्म्यांच्या नावाने उन्हाळ्यातली एक स्वतंत्र रात्रही नाचली जाते.

नाच टिकवण्यासाठी तिथे कष्ट घेतले गेले आहेत, हेही तुला सांगायला हवे. जतन करणारे मंडळ १९२२ पासून काम करते आहे. चांगला नाचणाऱ्याला, मग तो कुठल्याही गावचा असो, मंडळाची माणसे रिंगणातूनच हेरतात आणि त्याला परवाना देतात. १९९६ मध्ये सरकारने या नाचाला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा दिला, आणि २०२२ मध्ये जपानमधल्या एकूण ४१ नाचांबरोबर युनेस्कोच्या यादीत त्याचा समावेश झाला. सन्मान मोठे आहेत. तरी माझ्या मते रिंगण जिवंत आहे ते परक्याला आत घेतात म्हणून.

इथेच मला तुझ्याशी थोडा वाद घालायचा आहे. जाखडी अवघड आहे हे मला मान्य आहे. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब तालमीशिवाय जमत नाहीत, आणि कालच आलेल्या पाहुण्याला बारीत, म्हणजे नाचाच्या खेळात, उभे करता येणार नाही. परंतु मुख्य बारी संपल्यावर एक सोपी चाल घेऊन दुसरे मोठे रिंगण का धरू नये, ज्यात सासुरवाशिणी, मुले, मुंबईहून आलेले भाचे-पुतणे आणि शेजारच्या वाडीतले लोक या सर्वांनी यावे? आपल्या लहानपणी जाखडीत फक्त पुरुष नाचत, हे मला ठाऊक आहे. तरी गडी कमी पडले म्हणून नाच बंद ठेवण्यापेक्षा, मुलींना चाळ बांधणे मला शतपट योग्य वाटते. तुझ्या काकांना हे पटवणे कठीण जाईल. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

शेवटचा नाच ‘मात्सुसाका’. तेव्हा शामिसेन थांबतो, बासरी थांबते. फक्त गायकाचा आवाज आणि दोन लाकडी पट्ट्यांचा टाळ उरतो. पूर्वेचे डोंगर उजळत होते, योशिदा नदीवरून गारवा येत होता, आणि रात्रभर नाचून माझ्या गेताची टाच एका बाजूने झिजली होती. रिंगण सुटल्यावर आजींनी मला वाकून नमस्कार केला आणि त्या पाटाच्या कडेने घराकडे चालू लागल्या. घरी दिवा लावलेला असणार.

मला रजा मिळाली आहे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी वाडीत पोचतो. माझा चाळ तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असावा. तो काढून त्याचे चामडे तेवढे तेल लावून मऊ करून ठेव. वहिनींना आणि काकांना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र