बाळा, तो फॉर्म भरून टाक

सप्टेंबर २०२१

प्रिय बाळा,

हे फोनवरच सांगणार होती, पण फोनवर तू "हो आई, हो, बघते, ठेवते, कॉल आला" म्हणतेस अन् ठेवून देतेस, म्हणून टाइप करून राहिली. काल पीएचसीत, म्हणजे आरोग्य केंद्रात, आम्हा आशांची मीटिंग लवकर आटोपली, बाहेर पाऊस धरून होता, तर तिथेच ओट्यावर बसून सुरू केलं अन् आज घरी पुरं करते. चुका असतील तर समजून घे, चष्मा घरी होता.

मुद्द्याचं आधी सांगते. भावाने सांगितलं की ऑक्टोबरच्या कराटेच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचा फॉर्म तू भरला नाहीस. त्याला ओरडू नको, तो सांगत नव्हता, मीच खोदून विचारलं. दर रविवारी टेरेसवरचा प्रॅक्टिसचा व्हिडिओ टाकायचीस तो बंद झाला, विचारलं तर म्हणायची नेट स्लो आहे. पुण्यात नेट स्लो अन् आमच्या इथे दर्यापूरच्या पुढे खारपाणपट्ट्यात फोर जी चालू, हे काही मला पटलं नाही. त्याला तू म्हणालीस म्हणे की घरचे हप्ते संपू दे मग पाहू, अन् तसंही कराटे ऑलिम्पिकमधून गेलं, त्या बेल्टचं काय करू.

तर हप्त्यांचं ऐक. एप्रिलमध्ये बाबांचं ऑक्सिजन ८८ वर आलं तेव्हा जे करायचं ते आपण केलं, तू रात्रभर फोन लावून बेड शोधला, पगार आगाऊ उचलला, हे सगळं मला माहीत आहे अन् बाबांनाही माहीत आहे, ते बोलत नाहीत एवढंच. पण आता सप्टेंबर लागला. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता माझ्या मानधनातून जाते. जूनच्या संपानंतर आमचं आशांचं मानधन हजार रुपये वाढवायचं अन् पाचशे कोविड भत्ता द्यायचं ठरलं आहे, ते हातात पडलं की आणखी सोपं होईल. सोन्याची पोत गहाण आहे ती मुगावर सुटते. मूग यंदा शेंगेला चांगला होता, ऐन तोडणीत पाऊस चिकटून बसला म्हणून थोडा काळा पडला, तरी पोतीपुरता होतो. राहिलं सोयाबीन. ऑगस्टमध्ये अकोल्याला क्विंटलला १० हजाराच्या आसपास गेलं होतं, हमीभाव ३९५० अन् बाजारात १० हजार, असं कधी पाहिलं होतं का? बाबा तर वावरात उभ्या झाडाच्या शेंगा मोजायला लागले होते. मग ती १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायची परवानगी निघाली अन् भाव घसरायला लागला, आपला माल यायला तर अजून महिना आहे. आपलं नेहमीचंच आहे, भाव असते तेव्हा माल नसते. तरी पाचच्या वर राहिला तर बँकेचं मिटते, अन् नाही राहिला तर पुनर्गठन करू, दहा वेळा केलं आहे लोकांनी. तू काही कमी पाठवलेस म्हणून वावर बुडणार नाही. या महिन्याचे पैसे पाठवूच नको. पुढच्या महिन्यापासून अर्धे पाठव.

बाबांची तब्येत विचारशील म्हणून सांगते, आता धुऱ्यापर्यंत चालत जातात, मध्ये एकदा बसतात. फवारणी मी करू दिली नाही, पाठीवर पंप घेणं नकोच म्हटलं, त्याच्यावरून दोन दिवस अबोला होता. सकाळी ओसरीवर बसून तू शिकवलेला तो श्वास करतात, नाकाने घ्यायचा, पोटात धरायचा, तोंडाने हळू सोडायचा. आजी म्हणते, "पोट्टीनं बापाले फुसफुस कराले लावलं." पण ते एक दिवसही सोडत नाहीत, अन् ऑक्सिमीटर लावून मला दाखवतात, ९७ आलं की आवाज देतात. माझा सर्व्हेचा ऑक्सिमीटर आहे तो, सेल कुठे जातात ते आता कळलं.

आता त्या ऑलिम्पिकचं. २४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता लॉकडाऊन सांगितला, त्याच दिवशी टोकियो एक वर्ष पुढे ढकललं अशी बातमी होती, तुला आठवत असेल. तू होळीला आलेली तशीच अडकली होतीस अन् लॉकडाऊनचं सोडून ऑलिम्पिकसाठी तोंड पाडून बसली होतीस, आजीला वाटलं हिची नोकरी गेली. कराटे पहिल्यांदाच त्यात घेतलं होतं म्हणून तुला एवढं वाटत होतं. यंदा ५ ऑगस्टला बायांच्या काताची, म्हणजे एकटीने ठरलेले डाव ओळीने करून दाखवायचे त्याची, फायनल होती तेव्हा तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतीस, पण इथे मी अन् तुझ्या खळ्यावरच्या कराटे क्लासच्या पोरींनी भावाच्या मोबाइलवर पाहिली, मोबाइल पायलीला टेकवून ठेवला होता. स्पेनची ती सांड्रा सांचेझ जिंकली, समोर जपानची शिमिझू, तीही काय सुंदर करत होती, मला तर दोघींतला फरक कळला नाही, पण निकाल आला तेव्हा भाऊ म्हणाला ही ३९ वर्षांची आहे. ३९! मी त्या वयात दोन लेकरांची आई होती अन् कंबर दुखते म्हणून विहिरीवर जात नव्हती. अन् तू २६ ची, म्हणते पाहू पुढे. दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये ओकिनावाचा कियुना जिंकला, तो मेडल घ्यायला वर गेला तर हातात त्याच्या वारलेल्या आईचा फोटो. पोरी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं माझ्याकडे काय पाहता, मी जित्ती आहे.

२०२४ ला पॅरिसमध्ये कराटे नाही हे खरं आहे. पण तू सुरू केलंस तेव्हा तरी ऑलिम्पिकमध्ये कुठे होतं? अमरावतीला कॉलेजात असताना लागलीस, होस्टेलवरून पहाटे सायकलने जायचीस, तेव्हा ऑलिम्पिकचं नावही नव्हतं घेतलं. आजोबांनी लाठी शिकली ती कोणत्या मेडलसाठी? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, त्यांची पोरं १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकला गेली ती मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ नुसते दाखवायला, ते काही मेडलचे खेळ नव्हते, तरी आजोबा मरेपर्यंत असं सांगायचे जसं काही हेच जहाजात बसून गेले होते. तुला पहिल्यांदा काठी त्यांनीच हातात दिली, अन् मी तेव्हा रागावली होती की पोरीची जात, डोळ्याले लागलं तर. बरं ते जाऊ दे.

तुला वाटत असेल क्लासचं काय चाललं, फोनवर पोरी नुसत्या खिदळतात, सांगत काही नाहीत. खळ्यावरचा क्लास चालू आहे. अनलॉकच्या काळात तू चार पोरी घेऊन सुरू केला होतास तेव्हा लोक काय म्हणत होते आठवते ना, हे पोट्ट्याइचं काम आहे, लग्नात अडचण येईल. मग यंदा फेब्रुवारीत सगळ्यात आधी परत लॉकडाऊन लागला तो आपल्याच अमरावतीला, २२ तारखेच्या रात्री ८ पासून, तुमचे पुणे-मुंबईवाले तेव्हा लग्नांच्या पंगती उठवत होते, अन् क्लास बंद पडला. त्या वेळी मला वाटलं आता गेला तो गेलाच. जुलैत तुझं ऑफिस उघडलं अन् तू गेलीस, त्यानंतर आठ दिवसांत पोरी आपल्या आपण खळ्यावर यायला लागल्या, कोणी बोलावलं नाही. मोठ्या पोरींची शाळा १५ जुलैपासून उघडली तर त्या साडेनऊला निघतात, बारक्या अजून घरीच आहेत, त्या तर जायचं नाव घेत नाहीत. पांढरे ड्रेस कोणाकडेच नाहीत, सलवार अन् भावाची टी-शर्ट.

मला कराटे येत नाही पण पाहायला आता जमते. तू सांगितलं होतंस ना की हेइयान शोदान, तो पहिला काता, जिथून सुरू केला तिथेच येऊन संपला पाहिजे, तर मी रांगोळीने खाली ती उभी रेघ अन् दोन आडव्या रेघा ओढून देते अन् प्रत्येकीच्या पायाखाली फुली मारते. डाव २१ मोजायचे. जिचा पाय फुलीवर आला ती पास, जी शेणाच्या ढिगाकडे गेली तिचं कुठेतरी पाऊल आखूड पडलं. याच्यात मला जपानी यायची गरज नाही. सर्व्हेला निघायच्या आधी अर्धा तास मी तिथेच बसते, रजिस्टर भरते अन् मोजते. लसीच्या पहिल्या डोसला ज्यांना ८४ दिवस झाले त्यांचा दुसरा डोस, त्यांची यादी एकीकडे अन् यांचे पाय एकीकडे.

अन् तुला एक सांगायचं राहिलं. लसीला लोक वावरात पळून जात होते ना, मी घरी गेली की म्हातारे मागच्या दाराने निघायचे. या पोरींनी आपापल्या घरचे आणले. ती सगळ्यात बारकी, जिचा कियाई, तो कराटेतला हुंकार, ऐकून कुत्रे भुंकतात, तिने आजोबाला हात धरून शाळेतल्या कॅम्पला आणलं अन् सुई टोचेपर्यंत दारात पाय फाकवून उभी राहिली, ते कराटेतलं कीबा दाची करून. डॉक्टर मॅडम हसून हसून गेल्या. गावात आता कोणी लग्नात अडचण येईल असं म्हणत नाही, म्हणजे मनात असेल, पण माझ्यासमोर नाही म्हणत.

पोळा ६ तारखेला झाला. गर्दी करू नका म्हणून यंदाही भरला नाही, घरीच पूजा केली. खांदशेकणीला बाबांनी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावली अन् "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, आवाज थोडा दमला पण म्हटलं. झडत्या नाहीत, तोरण नाही, पोट्टे नुसते मोबाइलवर जुने व्हिडिओ पाहत होते. तुझ्यासाठी पुरणपोळी ठेवली नाही, कुरिअरमध्ये नासते. मुगाची डाळ अन् सांडगे भाऊ पाठवेल.

आता तू म्हणशील वेळ कुठे आहे आई. नऊ ते सात ऑफिस, परत अमेरिकावाल्यांचे रात्रीचे कॉल, स्वयंपाक, कपडे. मला दिसते ते. इथे होतीस तेव्हाही पाहिलं आहे, रेंज येते म्हणून गच्चीवर टिनाच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसायचीस, मेच्या उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा. तेव्हा तर वेळ याच्याहून कमी होता अन् कॉल संपला की तिथेच गच्चीवर परीक्षेचा तो बस्साई दाई काता करायचीस, टिन वाजायचं, आजी खालून ओरडायची की घर पडलं. जोडीदार नाही, क्लास बंद, सर फक्त झूमवर, तरी एकटीने काता पक्का केलास. ते सगळं केल्यावर परीक्षा द्यायची नाही म्हणजे मला तर असं वाटते की सोयाबीन सोंगून वावरात सोडून दिलं.

नापास झालीस तर होऊ दे. तुझे सर म्हणाले होते ना की पहिल्यांदा बऱ्याच जणांना परत पाठवतात. पण पैशासाठी राहिलं असं मला नको, अन् आमच्यासाठी राहिलं असं तर बिलकुल नको, कारण मग ते आयुष्यभर आमच्या नावावर लागेल. बाबांना हे मी दाखवलं नाही. विचारलं मात्र, की पोरीची परीक्षा आहे ऑक्टोबरमध्ये, काय करायचं, तर म्हणाले, "काय कराचं म्हंजे? देईन नं ते." अन् श्वास सोडायला लागले.

महालक्ष्म्यांना येतेस म्हणालीस, नको येऊस. ट्रॅव्हल्सवाले सणाला दुप्पट घेतात, दोन रात्री प्रवासात जातात अन् आल्यावर तू झोपूनच असतेस. त्या पैशाची फी भर. मुखवटे मी अन् काकू बसवू, आजी सोवळ्यावरून भांडेल, व्हिडिओ कॉलवर आरतीला ये, पुरे. परीक्षा झाली की दिवाळीला निवांत ये, तेव्हा कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, तुझे हात कामी येतील.

फी भरली की पावतीचा स्क्रीनशॉट मला टाक, भावाला नाही. अन् शनिवारी सकाळी ७ ला पोरींना व्हिडिओवर घे, मोठ्या चौघी हेइयान निदान, तो दुसरा काता, करून राहिल्या अन् मधल्या वळणावर एकमेकींवर आदळतात, ते काही माझ्या रांगोळीने सुटत नाही. खळं महिन्याभरात सोयाबीनला लागेल, देवळासमोरची जागा मागितली आहे, सरपंच हो म्हणाले, पण ते सगळ्यांनाच हो म्हणतात, तर तू एक फोन करून त्यांच्या कानावर घाल.

तुझी
आई

मास्क लावून जात जा, दोन डोस झाले म्हणून मोकळी फिरू नको.