फिरण्यातून हाती लागलेली किनार

संपादक महोदयांस,
स. न. वि. वि.

सकाळी फिरण्याच्या फायद्यांविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. त्यात रक्तदाब, साखर, वजन आणि गुडघे यांचा विचार नीट केलेला आहे. मात्र रोज काहीतरी नवे सुचावे लागते अशा माणसांना चालण्याचा जो उपयोग होतो, त्याचा उल्लेख राहून गेला. त्याविषयी स्वानुभवावरून चार शब्द लिहीत आहे.

गेली तीसहून अधिक वर्षे मी चादरी आणि टॉवेलांची डिझाइने काढतो. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने नावाचे संरक्षण झाले. परंतु चादरीवरचा मोर, वेल किंवा किनार कोणाला तरी दरवेळी नव्याने काढावीच लागते. मधल्या काही वर्षांत माझे हे काम जवळजवळ थांबले होते. जुनेच डिझाइन घ्यायचे, रंग बदलायचे, वेलीचे पान उलटे फिरवायचे आणि कारखानदारापुढे ठेवायचे, असे चालले होते. कारखानदार काही बोलत नसत, पण त्यांना कळत होते, हे मला कळत होते.

फिरायला मी सुरुवात केली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, साखर वाढली म्हणून. सिद्धेश्वर मंदिराकडे जायचे, तलावाच्या काठाने किल्ल्याचा तट पाहत चालायचे आणि परतायचे, हा क्रम ठरला. पहिले काही महिने माझे सगळे लक्ष मोबाइलवरच्या पावलांच्या आकड्याकडे असे. (दहा हजार पावलांचा जो आकडा आपण प्रमाण मानतो, तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या उपकरणाच्या नावावरून रूढ झाला, हे फार उशिरा वाचनात आले.) वाटेत काही आवडले तर फोटो काढत असे. असे शेकडो फोटो साठले, पण त्यांपैकी एकावरूनही डिझाइन झाले नाही, कारण फोटो काढला की पाहण्याचे काम उरकले असे वाटून पाऊल पुढे पडे.

मोबाइल आठवडाभर दुरुस्तीला गेला, तेव्हा नाइलाजाने मी नीट पाहू लागलो. पुढे त्यालाच थोडी शिस्त लावली. वाट रोज तीच ठेवतो, आणि घरातून निघतानाच त्या दिवशी काय पाहायचे ते एकच ठरवतो: आज फक्त कडा, उद्या फक्त सावल्या, परवा फक्त आवाज. मन भरकटतेच, भरकटले की पुन्हा पायाखालच्या जमिनीवर आणायचे. परतल्यावर चहाच्या आधी आणि, आपली क्षमा मागून सांगतो, वर्तमानपत्र उघडण्याच्याही आधी, ग्राफ पेपरवर वीस बाय वीस चौकटींचा एक तुकडा भरायचा. वाईट झाला तरी भरायचा आणि वर तारीख घालायची. वर्षभरात असे तीनशेच्या वर तुकडे झाले. त्यांतले अकरा मागावर चढले, उरलेले डब्यात आहेत.

त्या अकरांपैकी एकाची गोष्ट सांगतो. किल्ल्याच्या तटाच्या चर्यांचे, म्हणजे माथ्यावरच्या दातेरी कठड्याचे, प्रतिबिंब तलावात पडते, ते मी कित्येक दिवस पाहत होतो आणि रोज कंगव्याच्या दातांसारखी तीच सरळ रांग काढत होतो. एके सकाळी वारा अगदी मंद होता. त्या बेताच्या तरंगांनी प्रत्येक दात बुडाशी जागेवर राहून टोकाशी मात्र किंचित डावीकडे सरकत होता आणि दुसरा तरंग आला की अर्धाच मागे येत होता. घरी येऊन चौकटी भरल्या: दोन पुढे, एक मागे, दोन पुढे, एक मागे. जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्रणेची, भोकांची कार्डे पंच झाली आणि टॉवेलची किनार विणून आली, तेव्हा तिच्यात जी हालचाल दिसली, ती सरळ रांगेत कधीच आली नसती. अर्थात तो तट त्याआधी चाळीस-पन्नास वेळा काढून झाला नसता, तर त्या सकाळचा फरक माझ्या नजरेस पडला नसता.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या वापरातील वस्तूचे वेगळे उपयोग सुचवायला सांगितले असता, बसलेल्या स्थितीपेक्षा चालताना लोकांची सर्जनशीलता सरासरी साठ टक्क्यांनी अधिक दिसली. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांतही वाढ झाली आणि चालून येऊन बसल्यावरही परिणाम काही वेळ टिकला. मात्र ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असते, ते सोडवायला चालण्याची मदत झाली नाही. मला हे तंतोतंत पटले. कार्डातली चूक शोधायची असेल, तर आजही खुर्चीत बसून एकेक भोक तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या गावाला लक्षपूर्वक चालणे परके नाही. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात, तेव्हा बाराबंदीतल्या मानकऱ्याला एवढी उंच, जड काठी तोलताना पुढच्या पावलाशिवाय दुसरा विचार करता येत नाही. आणि ज्या सिद्धरामेश्वरांची ती यात्रा, ते स्वतः बाराव्या शतकातले कन्नड वचनकार होते, हे आपण बहुधा विसरतो.

हा उपाय सर्वांना सारखा जमेल, असे मी म्हणणार नाही. बारा तास यंत्रमागांमध्ये उभे राहून येरझाऱ्या घालणाऱ्याला ‘पहाटे फिरायला जा’ असे सांगण्याचा अधिकार मला नाही. आमच्या शेजारच्या तेलुगू भाषक वहिनी अंधार आणि कुत्री यांमुळे पहाटे बाहेर पडत नाहीत. त्या रात्री गच्चीवर शतपावली करतात आणि सकाळी दारात मुग्गू, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, काढतात. गेल्या श्रावणात त्यांनी महिनाभर एकही मुग्गू दुसऱ्यांदा काढला नाही. कुठून सुचते असे विचारले, तर म्हणाल्या, “वर चालताना ठिपके मोजते, भाऊ.”

दोन विनंत्या आहेत. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडत असल्याने फिरणाऱ्यांना साडेपाचलाच निघावे लागते, तेव्हा फिरण्याच्या वाटांवरचे दिवे पुरते उजाडेपर्यंत चालू राहतील एवढे संबंधितांनी पाहावे. दुसरी विनंती आपल्याला: रोजचे तापमान आपण छापताच, त्याच्या शेजारी चार ओळींची जागा वाचकांनी त्या सकाळी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीसाठी द्यावी. पहिल्या आठवड्याचा मजकूर पुरवायला मी तयार आहे.

आपला,
एक चादर डिझाइनर, सोलापूर