देवीचा नारळ आणि मागच्या सीटचा पट्टा

हवालदारसाहेब,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला आमची ओळख लागायची नाही. जत्रेच्या दिवसांत तुम्ही किती गाड्या थांबवता, त्यातली एक आमची, दहिसरची. पण नारळ म्हटलं की आठवेल.

गेल्या चैत्रात डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला निघालो होतो. मी चालवत होतो, बायको शेजारी, आई मागे, मांडीवर ओटीची पिशवी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर सोडल्यावर कडेला महामार्ग पोलिसांची जीप दिसली आणि तुम्ही हात केलात. मी मनातल्या मनात चलानाचे हजार रुपये बाजूला काढले. मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा हे आम्हा मुंबईकरांना माहीत नव्हतं असं नाही. 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत ते सक्तीचं झालं तेव्हा चार दिवस सगळीकडे तोच विषय होता. मग पट्टे परत सीट कव्हरखाली गेले.

तुम्ही चलान काढलं नाहीत. खिडकीशी वाकून म्हणालात, "आजी, पट्टा लावा."

"अहो, तो पुढच्यांना असतो. मला कशाला? साडी चुरगळते."

तुम्ही तिला सांगितलंत, पुढे चारोटीला सूर्या नदीचा पूल लागेल. 4 सप्टेंबर 2022 ला त्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. एवढ्या मोठ्या घरचा माणूस, एवढी भारी गाडी, पण मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. आई म्हणाली, "असेल." देवळात पोचायची घाई होती तिला. तेव्हा तुम्ही तिच्या पिशवीतला नारळ मागून घेतलात, तिच्या शेजारी सीटवर ठेवलात आणि मला म्हणालात, "साहेब, कडेकडेने दहाच्या स्पीडने घ्या आणि मारा ब्रेक. आजी, तुम्ही पुढची सीट घट्ट धरा."

नारळ सुटला तो पुढच्या सीटवर आपटून आईच्या पायाशी पडला.

"आजी, हा दहाला उडाला. तुमचा मुलगा ऐंशीने नेणार आहे तुम्हाला."

आई तुमच्यावर जाम भडकली. देवीचा नारळ पायाशी पडला, आता तो ओटीत कसा घालायचा? पण पट्टा लावला. रागारागाने, तुम्हाला दाखवून दाखवून लावला. देवळाबाहेर दुसरा नारळ घ्यावा लागला, तोही जत्रेच्या भावाने. जेवताना तुमचा उद्धार झाला तो वेगळाच. येताना मात्र तिने न सांगता पट्टा ओढला. "परत तो उभा असेल," म्हणाली.

तुम्ही नव्हता. मेंढवण खिंडीत दिवेलागणीला उलट्या दिशेने एक मोटारसायकल आली. तिला चुकवायला मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी दुभाजकावर गेली. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. मागे आईला एअरबॅग नव्हती. तुमच्या धाकाने लावलेला पट्टा होता.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आई कण्हत होती. मी दार उघडून तिला काखेत धरून बाहेर ओढणार, तेवढ्यात टपरीवरून एक पोरगा ओरडत आला, "काका, हलवू नका! मान!" त्याने आधी मला चावी काढायला लावली, पेट्रोलचा वास येतोय का बघितलं. मग दुसऱ्या दाराने आत शिरून दोन्ही हातांनी आईचं डोकं धरलं आणि तसाच बसून राहिला. त्याच्या मित्राने झाडाच्या फांद्या तोडून 50-60 पावलं मागे रस्त्यावर टाकल्या, म्हणजे मागून येणारा ट्रक आमच्यावर चढू नये. 108 ला फोनही त्यानेच केला. मी तर आईची चप्पल हातात धरून उभा होतो. का, ते आजही सांगता यायचं नाही.

"कुठे शिकलास रे हे?" बायकोने विचारलं. म्हणाला, "महामार्ग पोलिसांनी शिकवलं. आम्ही मृत्युंजय दूत आहोत." रबरी चपला, चहाचे डाग पडलेला शर्ट आणि हे नाव. एरवी मला हसू आलं असतं.

ही योजना 2021 च्या मार्चमध्ये सुरू झाली, हे मी घरी आल्यावर वाचलं. अपघात झाला की पहिली पोचतात ती महामार्गालगतची माणसं: ढाब्यावरची, पंपावरची, पंक्चरवाले, गावकरी. त्यांनाच जखमीला कसं हाताळायचं ते शिकवायचं, म्हणजे पहिला तास वाया जात नाही. कागदावर हे दोन ओळींत उरकतं. पण त्या पोराचा बाप पाड्यावरून धावत आला आणि त्याचा दंड धरून ओढायला लागला, "चल, पोलीस यायच्या आत निघ," तेव्हा कळलं की तुम्हाला आधी काय मोडायचं असतं. पोराने आईचं डोकं सोडलं नाही. तेवढ्यात तुमची जीप आली.

तुम्ही बापाला बाजूला घेऊन वारली बोलीत काहीतरी बोललात. मला सगळं कळलं नाही, पण नंतर मराठीत म्हणालात ते ऐकलं, "नाव सांगायचं नसेल तर सांगू नको. कायदाच आहे तसा." आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ म्हणून आलं. पण पाड्यावर कायदा कोणी वाचत नाही, तुमचं तोंड बघतात. बाप तिथेच बसला. बिडी पेटवायला गेला तर पोरानेच हटकलं, "बा, पेट्रोल!"

आईचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली. मुंबईत डॉक्टरांनी खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका उठलेला काळानिळा वळ बघितला, म्हणाले, "हा पट्ट्याचा. नसता तर..." आणि वाक्य सोडून पुढच्या खाटेकडे गेले.

श्रावणात मी पेढे घेऊन तुमच्या मदत केंद्रावर आलो होतो. तुम्ही आश्रमशाळेत आहात असं कळलं, म्हणून तिकडे गेलो आणि दारातच थांबलो. तुम्ही खिडक्या लावून वर्गात अंधार केला होता. दोन पोरं समोर उभी, एकाच्या दप्तराला चमकणारी पट्टी, दुसऱ्याच्या नाही. तुम्ही बॅटरी मारलीत. एकाचं दप्तर लखलखलं, दुसरा दिसलाच नाही, आणि सगळा वर्ग त्याच्या नावाने ओरडला, "हरवला, हरवला!" तो बिचारा रडवेला झाला. मग तुम्ही पट्ट्यांचं पाकीट फोडून त्यालाच वाटायला दिलंत. डोक्यावर मोळी घेऊन रात्री रस्ता ओलांडणाऱ्या आयांसाठीही दोन-दोन पट्ट्या दिल्यात. हा महामार्ग आमच्या घाईसाठी आहे, साहेब, पण पलीकडच्या शेतात जायला तो रोज ओलांडतात ती ही माणसं. हे मला चाळीस वर्षं त्या रस्त्याने जाऊन सुचलं नव्हतं.

पेढे तुम्ही पोरांना वाटलेत, स्वतः अर्धा खाल्लात. आभार मानायला लागलो तर "ड्युटी आहे" म्हणून जीपमध्ये बसलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता जीपमध्ये बसून सुटता येणार नाही.

आई बरी आहे. हात खांद्याच्या वर जात नाही, तोंड मात्र पूर्ववत आहे. टॅक्सीत बसली की आधी सीट कव्हरखाली हात घालून पट्ट्याचं कुलूप शोधते आणि सापडलं नाही तर ड्रायव्हरला तुमची गोष्ट ऐकवते. तिच्या गोष्टीत तुम्ही फौजदार झाला आहात, आणि गाडी दहाची वीसवर गेली आहे.

चैत्रात येतोय. या वेळी दोन नारळ घ्यायला सांगितलेत तिने. एक देवीचा, एक तुम्हाला सीटवर ठेवून दाखवायला. त्या टपरीवाल्या पोराला निरोप द्या, चहा त्याच्याकडेच घेणार आहोत.

आपला,
दहिसरचा नारळवाला