ती. आई-बाबांना, तिकिटं काढली आहेत

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, मायना नीट लिहिलाय, आता पुढचं वाचून चिडू नका. फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "आवाज तुटतोय गं" म्हणत फोन आईकडे देता, आई "तूच बोल बाई त्यांच्याशी" म्हणून परत तुमच्याकडे देते, आणि तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होतात. म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाच, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

तर, तिकिटं काढली आहेत. तुम्हा दोघांची आणि नंदूआत्याची. १६ जुलैला मुंबईहून दुबईमार्गे सिएटल, परतीचं २० ऑगस्टचं. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, त्यामुळे आई, मखराला आणि साफसफाईला तुला चांगले तीन आठवडे मिळतात. मोजून काढलंय.

विचारून काढायला हवी होती, मान्य. पण विचारलं असतं तर बाबा "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले असते आणि तू "घराला कुलूप कसं लावायचं" म्हणाली असतीस. जूनमध्ये इथे ढगाळ आणि गार असतं, आईचे गुडघे धरतात. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे सामने ६ जुलैपर्यंत आमच्या गावात आहेत, म्हणजे गर्दी आणि महागाई. ऑगस्टच्या शेवटाकडे जंगलं पेटली की धूर येतो. डोंगरावरचा बर्फही वितळायला जुलैचा मध्य उजाडतो. आणि नाहीतरी कुंभाच्या कामांनी अख्खं नाशिक खणून ठेवलंय, तिथे धूळ खाण्यापेक्षा इथे या. आई, तुझी आषाढी अधिक महिन्यामुळे २५ जुलैला येतेय. इथल्या दुकानात साबुदाणा मिळतो, भगर मिळते, राजगिऱ्याच्या वड्यासुद्धा मिळतात. बॉथेलच्या देवळात घेऊन जाईन.

हे सगळं खरं आहे, पण खरं कारण गेला नोव्हेंबर आहे. तुम्ही चार दिवस मला कळू दिलं नाहीत. स्टेंट बसवून बाबा घरी आले, वरणभात जेवले, आणि मग दादाच्या तोंडून चुकून निघालं. तुम्ही म्हणालात, "तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर." तुमचंही बरोबर होतं, कारण कळलं असतं तरी मी येऊ शकले नसते. या देशाबाहेर पडले की व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याशिवाय परत शिरता येत नाही, आणि आमच्या ओळखीतली दोघं तशी महिनोन्महिने तिकडे अडकली. ईराची शाळा, माझी नोकरी, घराचा हप्ता. हे मी तुम्हाला सांगतेय की स्वतःला, मला माहीत नाही. मला येता येत नाही, म्हणून तुम्हाला बोलावतेय. एवढंच आहे ते.

आता दुसरा गुन्हा. मुंबई, दुबई, सिएटल, तिन्ही विमानतळांवर व्हीलचेअर सांगितली आहे. दोघांसाठी. बाबा, थांबा. मला माहीत आहे तुम्ही चालू शकता. दुबईला एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायला केवढं अंतर आहे ते मी चाललेय. व्हीलचेअरवाल्यांना इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागत नाही, सोबतचा माणूस फॉर्मबिर्म बघतो. खुर्चीत बसायचं नसेल तर नका बसू, त्यावर पिशवी ठेवा आणि शेजारून चाला. पण ती नको म्हणून परत पाठवायची नाही. आत्याला मी तसं सांगून ठेवलंय आणि तुम्हाला माहीत आहे, ती माझं ऐकते.

घरात सगळी सोय आहे. खालची खोली तुमची, जिना चढायचा नाही. बाथरूममध्ये हँड शॉवर बसवून घेतला, आई, गेल्या वेळसारखं मगासाठी शोधाशोध नाही. न्हाणीत बसायला प्लॅस्टिकचं स्टूल आणलंय आणि भिंतीला धरायला दांडी लावलीये. सोफा फार खोल होता, त्यावर तुमच्या जावयाने, अनिकेतने, फळी टाकून वर गादी केलीय. दिसायला वाईट आहे पण उठता येतं. चहाची पावडर तीच, आलं भरपूर. फक्त एक, आमच्याकडे जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. गेल्या वेळी तू "संध्याकाळच होत नाही, दिवा कधी लावू" म्हणून अस्वस्थ व्हायचीस. सात वाजता लाव. देवाला चालतं.

बाबा, आता तुमच्या कामाचं. जुलैच्या शेवटी मरिनर्सच्या, म्हणजे आमच्या इथल्या बेसबॉल टीमच्या, दोन मॅचची तिकिटं घेतली आहेत. "तो दांडूचा खेळ" म्हणून हसू नका. ईरा गेल्या वर्षापासून स्कोअर लिहायला शिकलीये. वही घेऊन बसते, ओठांच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून. मला एकदम गोल्फ क्लबच्या मैदानावरचे तुम्ही आठवलात. ऑफिसच्या क्रिकेट मॅचला मांडवात टेबलावर बसलेले, एका कानात पेन्सिल, आणि मी शेजारी लिमलेटच्या गोळीची वाट बघत. मेडन ओव्हर झाली की सहा ठिपके जोडून 'एम' करायचा, हे मी शाळेत 'एम' शिकायच्या आधी तुमच्याकडून शिकले होते.

इथे मैदानावरच्या प्रत्येक जागेला नंबर असतो. चेंडू टाकणारा १, त्याच्यासमोरचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, असं ९ पर्यंत. चेंडू शॉर्टस्टॉपने (६ नंबर) उचलला, दुसऱ्या बेसवर (४) दिला, तिथून पहिल्यावर (३) गेला आणि दोघं बाद झाले, तर फक्त ६-४-३ लिहायचं. झालं! तीन आकड्यांत सगळी पळापळ. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन संधी वाया घालवून, बाद झाला की 'के', आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर 'के' उलटा काढायचा. आई, ईरा अक्षरं उलटी काढते म्हणून तू काळजी करायचीस ना? तिला आता ते अधिकृतपणे करायला मिळतंय.

आणि हे तुम्हाला आवडेल. बेसबॉलचा स्कोअरकार्ड ज्यांनी रुजवला ते हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज, १८२४ चे, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचे. क्रिकेटचा तक्ता बघूनच त्यांनी इकडचा केला. म्हणजे तुमचीच भाऊबंदकी. नातीला सांगा, माझं ती खरं मानत नाही.

आमची टीम १९७७ पासून खेळतेय आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत, एकदाही पोचलेली नाही. इथल्या तीस टीम्समध्ये अशी ही एकटीच. २००१ मध्ये सीझनच्या १६२ पैकी ११६ मॅच जिंकल्या, तरी नाही. गेल्या वर्षी कॅल रॅली नावाच्या कॅचरने ६० होमरन, म्हणजे इकडचे सिक्सर, मारले, फायनलच्या आदल्या फेरीत टोराँटोशी सातव्या मॅचपर्यंत गेलो, आणि तिथे हरलो. अनिकेत दोन दिवस धड जेवला नाही. तुम्हाला मात्र रॅलीपेक्षा इचिरो आवडला असता. जपानहून आलेला, अंगाने बारीक, सिक्सरबिक्सरच्या मागे न लागता चेंडू फटीतून काढून पळायचा. २००४ च्या एका सीझनमध्ये २६२ हिट, तो विक्रम अजून कुणी मोडला नाही. तुम्ही "टायमिंग बघ टायमिंग" म्हणाला असतात.

मैदानाला सरकतं छप्पर आहे, पण बाजू उघड्या, वारा आत येतो. आई, शाल आणि पायमोजे. घरचा डबा आत नेऊ देतात, तेव्हा थालीपिठं करू. तिथे भाजलेले टोळसुद्धा विकतात, खरे टोळ, नाकतोडे. त्या बाजूला बघू नकोस. मैदानाला लागूनच रेल्वेचे रूळ आहेत. मॅच रंगात आलेली असताना मालगाडीचा भोंगा वाजतो आणि मला दरवेळी नाशिकरोडचं स्टेशन आठवतं.

शहरात फार फिरवणार नाही. स्पेस नीडलवर आता पायाखाली काच आहे, आईला ते जमायचं नाही, खालून बघू. पाइक प्लेस बाजारात मासे एकमेकांकडे फेकतात, तिथून नाक धरून पुढे गेलं की फुलांचे गुच्छ, त्यापुढे आई हलणार नाही हे मला माहीत आहे. बेनब्रिज बेटाची फेरीबोट घेऊ, पस्तीस मिनिटं पाण्यातून, आणि चालत चढणाऱ्यांना परतीचं तिकीटच नसतं. फुकट! बॅलर्डला १९१७ पासूनची जलपाशं आहेत, होड्या वरखाली करतात. शेजारी माशांसाठी पाण्यातल्या एकवीस पायऱ्या बांधल्यात. जुलैत समुद्रातून परत फिरलेले सॅमन त्या चढून तळ्याकडे जातात आणि आपण काचेतून बघायचं. एखादा मासा काचेपाशी येऊन नुसता जागच्या जागी शेपटी मारत राहतो. पुढेही जात नाही, मागेही नाही. मी तिथे अर्धा तास उभी होते एकदा.

आता डोंगर.

बाबा, आईने मला व्हिडिओ पाठवलाय. पांडवलेण्याच्या पायऱ्या, तुम्ही, आणि मागून आईचा आवाज, "अहो पुरे". तुम्ही इथल्या रेनियर डोंगरासाठी तयारी करताय हे मला कळतं. मी तुमच्या पाठीमागे डॉक्टरांशीही बोलले. प्रवास चालेल, सपाटीवर हवं तेवढं चाला, पण उंचावरचा लांब चढ यंदा नको म्हणाले. तेव्हा तिथली स्कायलाइनची वाट तुम्ही करायची नाही. साडेपाच मैल आहे, नऊ किलोमीटरच्या जवळपास, चढ पाचशे मीटरच्या वर, आणि जुलैतही मध्ये बर्फाचे पट्टे लागतात. अनिकेत आणि आत्या जातील. हो, आत्या. दर रविवारी सिंहगड करते ती, तिला मी नाही कशी म्हणू? तुमच्यापेक्षा लहान आहे, तिला स्टेंट नाही, आणि तिने तुम्हाला चिडवायचं नाही असं कबूल केलंय.

रागावलात ना? ऐका तरी. आपण जिथे गाडीने जातो ते पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे. कळसूबाईचा माथाही तेवढाच, १,६४६ मीटर. म्हणजे गाडीतून उतरलात की तुम्ही कळसूबाईवर उभे, आणि समोर आणखी नऊ हजार फूट डोंगर शिल्लक, सगळा पांढरा. तिथून मर्टल फॉल्सपर्यंत पक्की वाट आहे, जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर. दोन्हीकडे फुलं, कासच्या पठारावर असतात तशी, पण वाट सोडून पाऊल टाकलं की रेंजर हटकतो. मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी शिट्ट्या मारतात. धबधब्यावरच्या छोट्या पुलावरून अख्खा रेनियर दिसतो. राहायला खाली अ‍ॅशफर्डला केबिन घेतली आहे, स्वयंपाकघर आहे, मुगाची खिचडी होईल.

कळसूबाईवरून आठवलं. मी तिसरीत होते. बारीतून निघालो, पहिल्या लोखंडी शिडीपाशी मी भोकाड पसरलं. दादा वर पोचला होता, तुमचे मित्र हाका मारत होते. तुम्ही खाली बसलात, बूट काढलात, टाच चोळलीत आणि म्हणालात, "मने, माझा बूट चावतोय गं. मला काही वर जमायचं नाही. तू थांबतेस का माझ्यासोबत?" मी केवढी मोठी झाले होते त्या क्षणी! आईने दिलेली दशमी आपण दोघांनी तिथेच खाल्ली, आणि घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की बाबांचा बूट चावला म्हणून मी थांबले. बूट जुनाच होता आणि चावत नव्हता, हे दादाने मला माझ्या लग्नात सांगितलं.

तर बाबा, त्या दिवशी पॅराडाइजला माझा बूट चावणार आहे. आत्तापासून सांगून ठेवते. आत्या आणि अनिकेत वर जातील, ईराला काय हवं ते ती ठरवेल, आणि तुम्ही माझ्यासोबत थांबायचंय.

आता सूचना, आणि यात घासाघीस नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. दीड महिन्यांच्या गोळ्या आणा, "तिकडे मिळतील" असं नाही, इथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय इथे नाही मिळत. विमा काढलाय, जुन्या आजाराचा खर्च ते देत नाहीत, अचानक काही उद्भवलं तर तेवढंच, तेही मर्यादेत, म्हणून छातीत जराही वाटलं तर "गॅस असेल" म्हणायचं नाही, मला उठवायचं. रात्री दोन वाजले तरी. विमानात दर दोन तासांनी उठून चाला, दुबईनंतरचा पल्ला चौदा तासांच्या वर आहे. मुंबईला समृद्धीवरून या, कसाऱ्याच्या घाटात रात्री गाडी घालू नका. पैशांचं काढू नका. बाबा, खरंच काढू नका.

आणि ती जाड पुठ्ठ्याची स्कोअरची वही आणा, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे. लाल-निळी पेन्सिल पण. ईराला दाखवायचीय.

वाचून झालं की फोन करा. आवाज तुटला तरी ठेवू नका, मी थांबते.

तुमची,
मनू

ता. क. आई, कढीपत्ता आणायचा नाही. मेतकुटाच्या डब्याच्या तळाशीसुद्धा नाही.